पोळा कृतज्ञतेचा सण? बैलाला विचारलंय का कुणी?

तिफण

परवापासून एकच मजकूर घरच्या गटावर, शाळेच्या गटावर, भिशीच्या गटावर फिरतोय. खाली शिंगं रंगवलेल्या खिल्लार जोडीचा फोटो. वर लिहिलंय की अमेरिकेत जसं थँक्सगिव्हिंग तसा आपला पोळा. फरक एवढाच की ते टर्की कापतात आणि आपण बैलाला पुरणपोळी भरवतो. मुक्या जनावराचे उपकार स्मरणारी जगात एकच संस्कृती, ती आपली. शेवटी जोडलेले हात आणि "पुढच्या पिढीला कृतज्ञता शिकवायची असेल तर पुढे पाठवा."

दोनदा सोडून दिलं. आज सकाळी आमच्या साहेबांनी पाठवला. साहेबांना वखर आणि नांगर शेजारी ठेवून दाखवले तरी ओळखता येणार नाहीत. म्हणून लिहितो. लांबेल.

पोळा मला आवडतो, हे आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद "तुम्हाला आपलेच सण दिसतात का" असा येईल. मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरात वाढलोय. पोळ्याला बैल धुतलेत, हिंगूळ लावलाय, बेगड चिकटवताना बोटं चिकटवून घेतलीत. पण हा सण कृतज्ञतेचा आहे असं गावात कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. हे शहरात गेल्यावर, बैल सुटल्यावर सुचतं.

आमच्याकडे पोळा मारुतीसमोर फुटतो. तोरणाखालून पहिली जोडी जाते ती मानाची. मान पाटलाचा. त्यामागे कोण, त्यामागे कोण, हे ठरलेलं. आभार बैलाचे मानायचे असते तर ज्याने त्या साली सगळ्यात जास्त रान ओढलं तो पुढे असता. तसं नाही. मालकाची पायरी तीच बैलाची पायरी. पाटलाची जोडी वर्षभर नुसती दावणीला उभी असली तरी तोरण तिच्याच कपाळाला लागणार. या मानावरून किती गावांत डोकी फुटलीत आणि पोळ्याला पोलीस बंदोबस्त का लागतो, ते त्या मजकूरवाल्याने एकदा तालुक्याच्या ठाण्यात विचारून यावं.

पोळा झाला की दुसऱ्या दिवसापासून तोच बैल, तेच जू, आणि रब्बीच्या रानाला पाळ्या. अंगात दम आहे तोवर. दम गेला की बाजार. पोळ्याला ओवाळायचं आणि शिमग्याच्या आत दाव्यासकट विकायचं, हे आमच्या घरीही झालंय. त्यात पाप आहे असं मी म्हणत नाही, शेती तशीच चालते. पण मग त्याला मालकीचा सण म्हणा. ज्याच्या दावणीला जनावर आहे, त्याने ते चारचौघांत मिरवायचा दिवस.

वऱ्हाडी_ठसका

तिफणभाऊ, तुमच्या गावचा पोळा पाटलाचा असंल. आमच्याकडं झडत्या म्हणतेत, टोमणे मारणारी गाणी, ऐकल्या का कधी? तोरणाखाली बैल उभे, आन् एकेक जण पुढं होऊन झडती टाकते. त्यात पाटील सुटत नाही, सावकार सुटत नाही, आमदार सुटत नाही. कापसाचा भाव, बोगस बियाणं, पीकविमा, सारं येते. शेवटी "हर बोला हर हर महादेव" की समदं गाव हसते. ज्याच्यावर झडती झाली तो बी तिथंच उभा राहते, उठून जाता येत नाही. मालकीचा सण असता तर मालकाले भर चौकात असं सोललं असतं का?

आन् दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, पुतळ्यायची मिरवणूक. काळी, पिवळी, सोबत बडगे. ईडा, पीडा, महागाई, पुढारी, सारे घेऊन जा गे मारबत. तुमचे साहेब बी बसतेत त्यात.

सातासमुद्रापार

अमेरिकेत राहतो म्हणून थोडी भर घालतो. त्या मजकुरातली पोळ्याची बाजू चूक असेल-नसेल, थँक्सगिव्हिंगची तर नक्कीच अर्धवट आहे. इकडच्या शाळेत मुलांना शिकवतात की १६२१ साली प्लिमथला इंग्रज वसाहतवाले आणि तिथले मूळ रहिवासी वाम्पानोआग लोक एकत्र जेवले. जेवले, हे खरं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्याच वाम्पानोआगांचं काय झालं ते ताटावर कुणी वाढत नाही. म्हणून १९७० पासून त्यांचे वंशज त्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात.

राष्ट्रीय सण म्हणून त्याची घडी लिंकनने १८६३ मध्ये बसवली, तीही ऐन यादवी युद्धात. १९३९ मध्ये रूझवेल्टने तो एक आठवडा अलीकडे ओढला. का, तर नाताळच्या खरेदीला दुकानदारांना जास्त दिवस मिळावेत. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही, काहींनी दोन्ही दिवस सुट्टी घेतली. शेवटी १९४१ मध्ये कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरवला. आणि टर्कीचं म्हणाल तर १९८९ पासून दरवर्षी राष्ट्राध्यक्ष एका टर्कीला जाहीर माफी देतात. गुन्हा काय ते विचारू नका. बाकीच्या कोट्यवधी भट्टीत. तिफण, तुमचा पाटील आणि आमचा राष्ट्राध्यक्ष एकाच शाळेतले.

सांगायचा मुद्दा, कृतज्ञतेचा सण कुठलाही घ्या, आभार मानणारा नेहमी जिंकलेल्या बाजूचा असतो.

चिंचगूळ

आले अमेरिकापुराण घेऊन. पोळ्याचं बोला की.

तारखेवरून आठवलं, "महाराष्ट्रात पोळा श्रावणी अमावस्येला" असं छातीठोक सांगणाऱ्यांनी कधीतरी सातारा-सांगली-कोल्हापूरला यावं. आमचा बेंदूर आषाढात होऊन गेला. जुन्नर-आंबेगावकडचा भाद्रपदात, सर्वपित्रीला. पण वर्तमानपत्रात, टीव्हीवर, शुभेच्छांत एकच पोळा, श्रावणातला. आमचे बैल बैल नाहीत का?

तिफण

@चिंचगूळ, तुमचा बैल बैलच आहे. बसा.

@वऱ्हाडी_ठसका, झडत्यांचा मुद्दा चांगला आहे. पण त्या वर्षातून एक दिवस आणि त्याही खेळीमेळीत. पाटलाला हसून घेतलं की दुसऱ्या दिवशी पाटील तिथेच आणि गडी तिथेच. एक दिवस तोंड उघडायची मुभा दिली की उरलेले दिवस बंद ठेवायला सोपं जातं.

@सातासमुद्रापार, शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे, त्यामुळे अमेरिकापुराण माफ.

निगुती

सगळे पुरुष बैलावर भांडताय म्हणून आठवण करून देते. त्याच दिवशी पिठोरी अमावस्या असते. मुलाबाळांसाठी आईचं व्रत. पूजा झाली की आई पक्वान्नाचं ताट डोक्यावर धरते, मागे न बघता विचारते "अतित कोण?" आणि मूल म्हणतं "मी". हल्ली काही जण त्याला आपला मातृदिन म्हणतात. त्याचाही मजकूर फिरतो, त्यातही जोडलेले हात असतात.

आता आमच्या मातृदिनाचं वेळापत्रक ऐका. पहाटे डाळ शिजायला. पुरण वाटेपर्यंत खांदा भरून येतो. घराचं जेवण, गड्याचं जेवण, बैल दारोदार फिरतात तेव्हा येणाऱ्यांचं, शिवाय बैलाचा नैवेद्य. बैलाला त्या दिवशी सुट्टी. आईला उपास. बैलाचा खांदा आदल्या दिवशी तूप-हळद लावून चोळतात, आणि पाट्यावर बसलेल्या बाईच्या खांद्याचं नावही कुणी काढत नाही. मला बैलाचा हेवा वाटतो हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आणि हो, आता मिक्सर आला, पुरणयंत्र आलं, हे सांगायला येऊ नका. यंत्र फिरवतं कोण?

सांजसकाळ

@निगुती, सणाचा आनंद असतो हो काकू. प्रत्येक गोष्टीत कष्ट मोजायचे म्हटलं तर घरं चालायची नाहीत. आमच्या आईने कधी तक्रार केली नाही.

निगुती

काकू तुमच्या घरी. आणि बैलानेही कधी तक्रार केली नाही, म्हणूनच त्याचा सण आहे.

बांधावरचा

मी सहसा वाचून जातो. आज लिहितो.

माझा बाप सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा गडी. मोठ्या वाड्यावर. ज्यांना माहीत नसेल त्यांनी आपापल्या आजोबांना विचारावं, बहुतेकांच्या आजोबांकडे होता.

पोळ्याच्या दिवशी बाप अंधारात उठायचा. ओढ्याला नेऊन चारही बैल धुवायचा. घासण्या मारून शिंगं साळायचा, मग हिंगूळ. एक हरण्या नावाचा बैल होता, तो दुसऱ्या कुणाला शिंगाला हात लावू द्यायचा नाही. मालकाच्या पोरानं एकदा बेगड लावायला हात पुढं केला तर त्यानं नुसती मान वळवली, पोरगं गोठ्याबाहेर. बापानं "हूं" केलं की तोच बैल मान खाली घालून उभा.

मिरवणूक झाली की जोडी वाड्यावर यायची. मालकीण पायरीवर यायची, बैलाचे पाय धुवायची, कुंकू लावायची, पुरणपोळी चारायची. बाप कासरा धरून अंगणात उभा. मालकीण चांगली होती, वाईट बोलणार नाही. बापाला धोतर-कुडतं मिळायचं, बोजारा म्हणजे पोळ्याची बक्षिसी मिळायची. पण बैलाचं जेवण दारात, ओवाळून. बापाचं ताट गोठ्यात यायचं, वरून झाकलेलं, आणि ते ताट वेगळं असायचं. घरात गेलं तर वेगळ्या कोनाड्यात. हे मला खूप उशिरा कळलं.

हरण्या विकला त्याची गोष्ट सांगायची नव्हती, पण तिफणने बाजाराचं काढलं म्हणून. बापाला कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं, बैल मालकाचा. सकाळी गोठ्यात गेला तर दावं मोकळं आणि गव्हाणीत रात्रीचा कडबा तसाच. बाप त्या दिवशी नेहमीसारखा कामाला गेला. नव्या बैलाला त्यानं वर्षभर नाव ठेवलं नाही.

म्हणून तिफण म्हणतो ते अर्धंच खरं. मालकीचा सण, बरोबर. पण त्या मालकाच्या सणात माझा बाप आणि तो बैल यांचं जे काही होतं ते कुणाच्या मालकीचं नव्हतं. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेले.

वऱ्हाडी_ठसका

दादा. काय बोलू.

नंदीभक्त

बांधावरचा यांचा अनुभव हृदयस्पर्शी. पण तिफण यांच्या मूळ लेखात एक गंभीर गोष्ट सहज येऊन गेली. "दाव्यासकट विकायचं." कुणाला विकायचं, ते पण लिहा ना. म्हातारा बैल घेणारा दुसरा शेतकरी नसतो. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आहे. त्याआधीच्या १९७६ च्या कायद्यात गायीला संरक्षण होतं, बैल दाखला घेऊन कापता यायचा. पोळ्याला पूजा आणि नंतर खाटीक, हा ढोंगीपणा कायद्याने संपवला. खरी कृतज्ञता ती.

सातबारा

आला मुद्द्यावर. बसा निवांत.

माझ्याकडे पाच एकर. गेल्या उन्हाळ्यात एक बैल बसला. गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले वय झालं. नवीन जोडी बघायला गेलो तर लाखाच्या खाली बोलायला कुणी तयार नाही. आधी काय व्हायचं? म्हातारा विकला की त्यात भर घालून नवा यायचा. ती साखळी होती. तुम्ही तिची एक कडी काढली. पाच वर्षांपर्यंत कैद लिहिली. व्यापारी बाजारात यायचे बंद झाले. जो खरोखर शेतीसाठी बैल नेतोय त्याचाही टेम्पो रस्त्यात अडवला जातो, पावती दाखवली तरी. आता कृतज्ञतेचा कडबा कोण देणार? तुम्ही?

आणि परिणाम काय झाला, आकडा ऐका. पशुगणनेत २०१२ ला देशात गोवंशाचे नर पावणेसात कोटींच्या वर होते. २०१९ च्या गणनेत पावणेपाच कोटी. सात वर्षांत दोन कोटी गायब. गायी त्याच काळात वाढल्या. बैल वाचवायचा कायदा आणि बैलच संपतोय.

नंदीभक्त

आकडे सोयीने वापरू नका. तो आकडा देशाचा आहे, कायदा एका राज्याचा. बैल कमी झाले ते ट्रॅक्टरमुळे. सगळं खापर कायद्यावर फोडायचं हा अजेंडा आहे.

सातबारा

ट्रॅक्टरमुळे झाले, अर्धे मान्य. पण ट्रॅक्टर घेतला का? कारण बैल परवडेना. का परवडेना? पुन्हा वर जाऊन वाचा.

अजेंडा माझा नाही. माझा अजेंडा पाच एकर.

कोरडवाहू

दोघंही एक गोष्ट विसरताय. सरकारी योजनेत लिंगनिश्चित वीर्यमात्रा मिळते, अनुदानावर. रेतन केलं की दहातली नऊ वासरं कालवडी. गोऱ्हा जन्मालाच येत नाही. मी दूधवाला आहे, मीही घेतो, मला परवडतं. पण विचार करा, एका हाताने आपण बैलाचा सण करतोय आणि दुसऱ्या हाताने तो जन्मूच नये याची मात्रा टोचतोय. कापायला बंदी आहे, न जन्मू द्यायला अनुदान आहे. थँक्सगिव्हिंगवाल्यांनी निदान टर्की पैदास तरी चालू ठेवलीय.

सातासमुद्रापार

हे वाक्य मी चोरणार आहे.

नंदीभक्त

@कोरडवाहू, तुम्ही स्वतः घेता आणि वर शहाणपण शिकवता? तुमच्यासारख्यांमुळेच देशी वंश संपला. जर्सी आणून ठेवल्या. जर्सीच्या बैलाला खांदाच नसतो, तो ओढणार काय?

कोरडवाहू

वशिंड नसतं, खांदा असतो. गोठ्यात आला असतात तर फरक दिसला असता. देशी वंश म्हणजे गिरवर या म्हणताय ना? गिरच्या गोऱ्ह्याचं काय करता तेही सांगा. रात्री गावाच्या वेशीबाहेर सोडतात, माझ्या शेताला तारेचं कुंपण त्यांच्यासाठीच घातलंय. भक्ती तुमची, कुंपण माझं.

नंदीभक्त

तोंड सांभाळून.

मुकेपण

मी केवळ शाकाहारी नाही तर पूर्ण वनस्पत्याहारी आहे, दूधसुद्धा नाही, म्हणून माझं कुणी ऐकणार नाही हे माहीत आहे. कत्तल वगळता बैलाला जे होतं त्यावर कुणीच बोलत नाहीये. गोऱ्ह्याचा बैल करताना काय करतात, वेसण घालताना नाकपुडीतून काय आरपार नेतात, पराणीच्या टोकाला आर कशासाठी असते? १९६५ च्या नियमांनुसार ओढकामाच्या जनावराकडून दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपता येत नाही. ऊसतोडीच्या गाड्या बघा आणि मला सांगा यातला एक तरी नियम कुणी पाळतं का. हा नियम वर्षभर पाळला तर पोळ्याची गरजच उरणार नाही.

चिंचगूळ

ऊसतोडीत बैलाला ९ तास आणि कोयता चालवणाऱ्याला किती? त्याचा नियम कुठाय? बीडहून येतात, पहाटे तीनला फडात असतात. बैलाला निदान एक बेंदूर तरी आहे.

मुकेपण

एकाचा छळ दाखवला की दुसऱ्याचा पुढे करायचा. हीच युक्ती सगळीकडे.

चिंचगूळ

युक्ती नाही. तो कोयतेवालाच बैल हाकतो, आणि त्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटेपर्यंत दोघंही एकाच जुवात. एकाला सोडवून दुसऱ्याला ठेवता येत नाही, एवढंच म्हणतोय.

तिफण

लोकहो, मी धागा पोळ्यावर काढला होता. कत्तलखाना, जर्सी, वीर्यमात्रा, कोयता. पुरणपोळी तेवढी कुणी लिहिली, तीही तक्रारीसाठी.

मूळ प्रश्नावर कुणी बोलणार आहे का? की बांधावरचा यांनी लिहिलं तेवढंच?

करडई

मी बोलते. मी शिक्षिका होते, आता घरची शेती बघते, नवरा गेल्यापासून. बैलजोडी आहे. ट्रॅक्टर भाड्याने येतो, पण कपाशीच्या डवरणीला बैलच लागतो, दोन ओळींत ट्रॅक्टर घालता येत नाही.

तिफण, तुम्ही पोळा मारुतीसमोर शोधताय म्हणून तुम्हाला पाटील दिसतो. चौकात जे होतं ते मानपानाचंच असणार. लग्नातसुद्धा मांडवात मानपानच असतो, म्हणून नवरा-बायकोत काही नसतंच असं नाही.

आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. तिथे वाजंत्री नसते, पाटील नसतो, बघायला कुणी नसतं. गोठ्यात कंदील किंवा हल्ली एक दिवा. वाटीत कोमट तूप, त्यात हळद. बैलाच्या मानेवर, जू बसतं तिथे, कातडी जाड होते. केस गेलेले असतात. बोटांनी चोळताना कुठे गाठ आहे, कुठे आतून गरम लागतंय ते समजतं. डाव्या बैलाला आमच्या जुवाची शिवळ, मानेजवळची खुंटी, घासते. वर्षभर दिसत नाही, त्या संध्याकाळी हाताला लागते. मग जू बदलायचं की त्याला बाजू बदलून जुंपायचं, ते तेव्हाच ठरतं. चोळून झालं की म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आणि बैल मान लांब करतो. हे मी शोभेसाठी लिहीत नाही, ज्याने चोळलंय त्याला माहीत आहे, पुढे करतो तो मान.

आता तुमच्या मालकीच्या सणाची परीक्षा घेऊ. २०२३ ला लम्पी होता, गुरांच्या अंगावर गाठी आणणारी साथ. कित्येक जिल्ह्यांत बाजार बंद, मिरवणूक बंद, जनावर एकत्र आणायला बंदी. तोरण नाही, मान नाही, मिरवणं नाही. तुमचं म्हणणं खरं असतं तर त्या साली गावाने पोळा केलाच नसता, कारण दाखवायचं कुणाला? आमच्या गावात एकही गोठा पोळ्यावाचून राहिला नाही. ज्यांच्या जनावराच्या अंगावर गाठी आल्या होत्या त्यांनी तर आधी केला. कडुनिंबाच्या पाण्याने पुसलं, दारातच ओवाळलं. शेजारच्या घरी बैल पोळ्याच्या आधी गेला, त्यांनी रिकाम्या दावणीला कुंकू लावलं.

तिफण

करडईताई, लम्पीचं चपखल आहे. म्हणजे महामारी आली की आपल्याला आभार सुचतात, एवढं मान्य करतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोरण, पुन्हा पाटील, तेही मान्य करा.

करडई

पाटील राहू द्या तुमच्याकडे. खांदमळणी मला पुरे.

निगुती

तूप कोण कढवतं ते नका विचारू आता.

करडई

मीच कढवते, मीच चोळते. माझ्याकडे दुसरं कुणी नाही.

निगुती

मग तुम्हाला माझ्याकडून सूट.

सांजसकाळ

छान चर्चा. मुळात सण म्हणजे भावना असते, इतकं चिरफाड करू नये असं मला वाटतं. आमच्या सोसायटीत मुलांसाठी मातीचे बैल आणतो, तोरण बांधतो, मुलं आनंदाने रंगवतात.

वऱ्हाडी_ठसका

चांगलं आहे दादा. आमच्याकडं लेकरायसाठी तान्हा पोळा हायच, लाकडी बैल. पण आमचे लेकरं मातीचा आन् खरा, दोन्ही ओळखते. तुमच्या लेकराले एकदा खऱ्या गोठ्यात न्या. शेणात पाय पडू द्या. मग रंगवू द्या.

बांधावरचा

@करडई, शिवळेचं लिहिलंत ते बरं केलंत. बापाच्या तोंडी तेच असायचं, बैलाची मान आधी बघ, मग तोंड. एवढंच.

सातबारा

@नंदीभक्त, विषय तुम्हीच काढलात म्हणून तुम्हालाच विचारतो. माझा बैल अजून बसून आहे. उठवायला चार माणसं लागतात. विकायचा नाही, कायदा पाळायचाय. तुमच्या ओळखीची गोशाळा असेल तर नाव कळवा, टेम्पोचं भाडं मी देतो.

नंदीभक्त

वैयक्तिक निरोपात बोलू.

सातबारा

इथेच बोला. सगळ्यांना कृतज्ञता कळू द्या.

नंदीभक्त

विचारलं. सध्या जागा नाही म्हणतात, पावसाळ्यात जनावरं फार येतात. दिवाळीनंतर बघू म्हणाले. आणि बसलेलं जनावर ते शक्यतो घेत नाहीत.

सातबारा

दिवाळीपर्यंत तो खाणार काय?

कोरडवाहू

माझ्याकडे मुरघास आहे. दोन-चार पिशव्या पाठवतो, कायद्यावर तुमचं-माझं पटलं नाही तरी. कुठल्या तालुक्यात आहात?